दाराबाहेरचा खोकला

सून : पण मला खोकला झालेलाच नाही, आई.

आई : नसू दे. आधी खोकायचं, थोडं थांबायचं, मग दार लोटायचं. कॅन्सरने त्याचा पाय नेला ना, तेव्हापासून या घरात असंच आहे. सोळा वर्षांचं पोर होतं. खोटा पाय लावून बसायला त्याला वेळ नको का?

सून : माझ्याच नवऱ्याकडे जाताना खोकू?

आई : त्याचे बाबासुद्धा खोकतात.

सून : तो रात्रीही पाय काढत नाही, ठाऊक आहे तुम्हाला? लग्न झाल्यापासून तसाच, पँट घालून, भिंतीकडे तोंड करून झोपतो. हात लावला की दचकतो. आज चादरीला रक्त लागलंय.

आई : अगं बाई! रात्री काढून ठेवायचा म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं.

सून : म्हणून तर हे मलम घेऊन आत चाललेय. न खोकता.

आई : चिडेल गं तो.

सून : चिडू दे. दिवसभर दुकानात लोकांच्या सायकली खोलत असते मी. पाय बघून चक्कर येणारी नाही.

मुलगा : दार पातळ आहे, मला सगळं ऐकू येतंय!

सून : बरं झालं, पुन्हा सांगायला नको. येऊ?

मुलगा : थांब. पाय लावतोय.

सून : लावू नकोस. पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा काय म्हणालास? 'पेडल घसरतं, इकडचा पाय खोटा आहे, जरा पकड बसवून दे.' चारचौघांत, हसत हसत. तो कुठे गेला?

मुलगा : तो बाहेरचा. बाहेर विनोद करता येतो. खोलीत नाही. मुलींनी आपल्याकडे बघावं असं वाटायचं वय होतं गं, आणि इथे सख्ख्या आईला माझ्याकडे बघवत नव्हतं. मग दुसरी कोण बघणार?

आई : काय म्हणालास? मला बघवत नव्हतं?

मुलगा : मग खोकत का होतीस?

आई : अरे, तूच ओरडलास! दवाखान्यातून आलास त्या दिवशी मी दूध घेऊन आत आले, तर उशी फेकलीस अंगावर. 'न सांगता आत यायचं नाही' म्हणालास. मी म्हटलं, पोरगा मोठा झालाय, लाजतोय.

मुलगा : त्या दिवशी सगळ्या जगावरच चिडलो होतो, आई. तेवढ्यापुरतं होतं ते.

आई : मग दुसऱ्या दिवशी बोलायचंस की!

मुलगा : दुसऱ्या दिवशी तू दाराबाहेर खोकलीस. मला वाटलं, तुलाच नकोय.

सून : कमाल आहे तुमची! एवढी वर्षं नुसते घसे खरवडत बसलात? ऐक, मी आत येतेय. नको असेन तर आत्ता सांग.

मुलगा : पडदा ओढून घेशील?

सून : मलम लावायला उजेड लागेल.

मुलगा : ...राहू दे मग. ये.

(दार उघडतं. आई स्वयंपाकघरात जाते.)

सून : बघू. अरे, केवढं सोललंय! आणि गप्प बसलास?

मुलगा : जखमच बघतेस नुसती?

सून : मग काय बघू?

मुलगा : बाकीचं. जे उरलंय ते.

सून : बघितलं. तुझंच आहे. जरा गार पडलंय, एवढंच.

मुलगा : तिथे हात लावलेला कळत नाही मला. थोडा वर.

सून : इथे?

मुलगा : हां. इथे कळतो.

सून : दचकला नाहीस.

मुलगा : नाही ना! दचकलोच नाही.

आई : चहा उकळतोय रे! दाराशी आणून ठेवू?

मुलगा : नको, मीच येतो.

सून : जखम भरेपर्यंत पाय लावायचा नाही हं.

मुलगा : कोण लावतंय? खांदा दे. लंगडीत मला गल्लीत कोणी हरवलं नव्हतं, विचार आईला.

सून : आई, बाजूला व्हा! स्वारी निघाली!

आई : अरे हळू, पडशील! जपून... थांब, बघू दे मला. दवाखान्यात शेवटचं पाहिलं तेव्हा नुसते टाकेच टाके होते. हे आताचं सोललेलं सोडलं, तर किती छान भरून आलंय रे!

मुलगा : बघ हवं तेवढं. आता कशाला खोकतेस? समोरच उभा आहे मी.

आई : खोकले नाही रे. चहाचा ठसका लागला.

मुलगा : चहा अजून गाळलाही नाहीस, आई.