पत्रा पास करणारा माणूस

नाही हो डॉक्टर, चाकू नाही, पत्रा — डब्याचा पत्रा. टोमॅटो पेस्टचा डबा घरी उघडता ना, तोच, डबा व्हायच्या आधीचा. कागदासारखा दिसतो आणि कापतो कसा ते बघतायच तुम्ही. टाके किती, सहा? घाला, घाला. मघाशी फोनवर ‘ठेवते गं’ म्हणालात, तेव्हाच म्हटलं, चला, निदान रडायचं तरी मराठीत रडता येईल. मी लक्ष्मीकांत. इथे आखातात, सबहानला, डब्यांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर, बावीस वर्षं. आणि हसू नका — दर रविवारी — इथला तो सोमवारच — सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून ‘ग्लोव्हज घाला’ म्हणून व्याख्यान देतो, तो मीच. कँटीनच्या भिंतीवर फोटो आहे माझा — दोन्ही हात वर, दोन्ही हातांत ग्लोव्हज, दरोडेखोरांना शरण आल्यासारखा.

मग आज ग्लोव्ह काढला कशाला? अहो, बोटाला कळतं म्हणून! पत्रा जहाजाने येतो, त्यावर कथलाचा मुलामा असतो. मी पास केला की मग आमच्या जहीरच्या मशीनवर लॅकर चढतं, म्हणजे डब्याच्या आतला रंगाचा थर. मुलाम्याला ओरखडा असला की लॅकर तिथे धरत नाही, आतला माल नासतो. तो ओरखडा माझ्या बोटाला लागतो, गवयाला सूर लागतो तसा — असं मी नव्या मॅनेजरला सांगतो, तोही मान डोलावतो. खरं सांगू? बोटाने कोणी तपासत नाही हो! दिव्याखाली पत्रा तिरपा धरून डोळ्यांनी बघायचं असतं. मी आपला… म्हणजे गेल्या वर्षापासून… दिव्याखाली मला सगळाच पत्रा नुसता लखलखतो. शुगर आहे ना मला, डोळ्यांत उतरलीय.

छे, ऑफिसात कुठलं सांगतोय! दिसत नाही म्हणणारा इन्स्पेक्टर कोण ठेवेल? सही करत गेलो — पास, पास, पास. पत्रे बहुतेक चांगलेच येतात, त्यामुळे माझंही बरोबरच येत होतं, मलाच माझं कौतुक वाटायला लागलं होतं. मार्चमध्ये एक खेप तेवढी — दुकानांत डबे फुगले. चौकशी लागली. मला विचारलं, पत्रा चांगला होता? मी म्हटलं, माझी सही आहे ना. बस, एवढंच. खोटं नाही बोललो, बघा — सही होतीच! मग पत्रा चांगला म्हटल्यावर चूक कुणाची? लॅकरवाल्याची. म्हणजे जहीरची. हैदराबादचा तो. चौदा वर्षं एका टेबलावर जेवतो आम्ही. नोकरी गेली, व्हिसा कॅन्सल झाला त्याचा, गुरुवारी परत जातोय.

आज लॉकरची किल्ली द्यायला आला होता. तो दारात दिसला आणि माझं बोट जरा जोरातच फिरलं. त्यानेच रुमाल बांधला, त्यानेच गाडीतून आणलं — हो, बाहेर बसलाय तोच, दाढीवाला. वाटेत सिग्नलला म्हणतो, ‘मियाँ, हाथ के साथ आँख भी दिखा लेना.’ असं, अगदी सहज. म्हणजे त्याला माहीत होतं हो! चौकशीत उभा होता तेव्हाही माहीत होतं, आणि एक शब्द बोलला नाही. मी काय केलं? सिग्नलकडे बघत बसलो. मोठं आणि लाल असलं की दिसतं मला.

काय म्हणालात? फॉर्म? अपघाताचं कारण… लिहा, पत्रा घसरला. ओले हात होते, घसरला.

थांबा. खोडा ते. लिहा — ‘पेशंट सांगतो, त्याला नीट दिसत नाही.’ इंग्लिशमध्येच लिहा. वर्षभरापासून, हेही लिहा. मार्चच्या आधीपासून, असं स्पष्ट. शिक्का मारा. मॅनेजर चारपर्यंत असतो, पोचू आम्ही. नाही नाही, कागद माझ्याकडे नका देऊ. जहीरकडे द्या — वाचून दाखवायला मला तोच लागणार आहे.

झालं ना? मग सोडा आता हात.