तुंबा हाती असताना

सन्माननीय अध्यक्ष ओरासिओ बेंतांकोरसाहेब, व्यासपीठ भूषविणारे संचालकगण, दुग्धोत्पादक बंधुभगिनी, आणि ज्यांच्या निवृत्तीचे दुःख आपण एवढ्या उत्साहाने साजरे करीत आहोत त्या आपल्या कार्यालय-सचिव, सत्कारमूर्ती नेलिदाबाई,

मी या दुग्धशाळेचा सेवक नव्हे, स्वतंत्र सल्लागार. अर्थात, ज्याचे मत आदराने मागविले जाते, आदराने ऐकले जाते आणि तितक्याच आदराने पुढील बैठकीच्या स्वाधीन होते, असा प्राणी.

गतवर्षी मार्चात मी निवेदन केले की शीतगृहाचे यंत्र आसन्नमरण आहे. आपल्या दक्षिण गोलार्धातील डिसेंबरच्या उन्हाळ्यापूर्वी बदला, अन्यथा पायसांदू नगराच्या निम्म्या गोठ्यांचे दूध गटारात ओतावे लागेल. विरोध झाला का? छे! अकरा बैठकांत अकरा वेळा एकमत झाले. निर्णय तेवढा राहिला.

या विलंबाचे मूळ कशात होते? येर्बाच्या, म्हणजे आपल्या कडू पाल्याच्या चहाच्या, तुंब्यात! तुंबा एक, नळी एक. बाईंनी गरम पाणी ओतून द्यावे, आपण रिकामा करून परत करावा, मग पुढच्याची पाळी. परंतु तुंबा हाती येताच आमचे संचालक चिंतनमग्न होत. नळी ओठांपाशी, वाणी मात्र विश्वाच्या अर्थकारणावर. अध्यक्षमहोदय, एकदा आपण तो सदतीस मिनिटे धारण केला होता. मी मोजली, मला अन्य उद्योग नव्हता.

नोव्हेंबरात, बाराव्या बैठकीस, काम सोडत असल्याचे पत्र खिशात घालूनच मी आलो. बाईंनी दारातच ताडले.

"रुबेन, तोंड का रे असं, नासलेल्या दुधासारखं? ते पत्र काढायच्या आधी एक फेरी बस."

पहिला तुंबा अध्यक्षांना गेला. "या विषयाला अनेक पैलू..." असा साहेबांनी मंगलारंभ केला, तोच बाई म्हणाल्या, "साहेब, तो तुंबा आहे, माइक नाही. हातात आहे तोवर नुसतं हो की नाही. भाषण करायचं तर आधी परत द्या, बाकीचे तहानलेत."

हा टोमणा आपल्या घराघरांत पोरेसोरेही ऐकतात. संचालकसभेत तो बाईंच्या सेवेच्या एकतीस वर्षांत प्रथमच उच्चारला गेला. साहेबांनी दीर्घ घोट घेतला आणि "हो" म्हणाले. सात संचालक, सात होकार, वीस मिनिटे. थर्मासातले पाणीसुद्धा निवले नव्हते! डिसेंबरात नगर तापले, दूध थंड राहिले.

ते पत्र अद्याप माझ्यापाशी आहे. त्याच्या पाठीवर मी माझ्या नव्या सल्ला-कार्यालयाचा आराखडा काढला आहे: दोन खुर्च्या, एक किटली. नेलिदाबाई, तुंबा या क्षणी आपल्याच हाती आहे. भागीदार व्हाल?

...सभाजनहो, धीर धरा, बाई पीत आहेत.

"हो. पण पाणी तू तापवायचंस."

माझ्या आयुष्यातील ही शीघ्रतम मंजुरी! आयोजकांचा मी ऋणी आहे. माझ्या वाग्विस्ताराने कोणाची पाळी खोळंबली असल्यास उदार मनाने क्षमा असावी. बाई, तुंबा पुढे जाऊ द्या.