शिवगंगेचा फेर

(तेर गाव. दुपार. ओसरीवर उघडा लॅपटॉप. समोर दगडोबा, त्यांची थोरली बहीण तुळजाबाई आणि पुण्याहून आलेली मुलगी अर्पिता.)

तुळजाबाई : आगं, पण ह्ये बाप्ये बायांच्या खांद्याला खांदा लावून उभं ऱ्हायलेत की. कुनी काय म्हनत न्हाय व्हय?

अर्पिता : त्यांचा नाचच तसा आहे, आत्या. बाप्ये एक ओळ म्हणतात, बाया दुसरी म्हणून उत्तर देतात.

तुळजाबाई : हितं कर म्हनावं असलं काय. गावाला जत्रंची गरज न्हाय.

दगडोबा : कुठली म्हनलीस ही लोकं?

अर्पिता : मोरोक्कोतली, आबा. आफ्रिकेत, वरच्या अंगाला. तिथल्या डोंगरातली. अमाझिग म्हणतात त्यांना.

दगडोबा : पाऊसपानी?

अर्पिता : आपल्यासारखंच.

दगडोबा : म्हंजी न्हाय.

अर्पिता : त्यांची भाषा निराळी. लई वर्षं शाळेत शिकवतच नव्हते. बायांनी गाणी म्हणून म्हणून राखली.

तुळजाबाई : आन् बाप्ये काय करत हुते?

अर्पिता : वाजवत होते. ते बघा, जाळावर धरून कातडं तापवतायत.

दगडोबा : हलगीवानी. थांबव. मागं घे जरा. ती म्हातारी.

अर्पिता : ही?

दगडोबा : तिच्या हनुवटीवर काय हाय?

अर्पिता : गोंदण. त्यांच्यातल्या जुन्या बायांना असतं.

तुळजाबाई : आगं बया! शिवगंगेला हुतं तसंच की.

दगडोबा : तसंच न्हाय. शिवगंगेला तीन ठिपकं हुतं. हिला रेघ बी हाय.

तुळजाबाई : बघ. जिती असताना कधी बायकोच्या तोंडाकडं बघितलं न्हाय, आन् आता ठिपकं सांगतुय.

दगडोबा : बघितल्याबिगर सांगता येतंय व्हय?

अर्पिता : आबा, वर्षश्राद्ध परवा असून मी आजच का आले, सांगू? शनिवारी धाराशिवला हा पिक्चर दाखवायचाय. त्याच्या आधी आपल्याकडचा पंचमीचा फेर दाखवणार. दहा मिनिटांचा. मीच जोडलाय. आई आहे त्यात, सगळ्यांच्या पुढं.

दगडोबा : बरं.

अर्पिता : पण आवाज आईचा नाही. त्या दिवशी मंडळाचा भोंगा चालू होता. आईचं तोंड हलतंय आणि ऐकू येतोय डीजे.

तुळजाबाई : तसाच दाव. आजकाल लोकं तसंच बघत्यात.

अर्पिता : आईनं तेच गाणं तिच्या फोनमध्ये म्हणून ठेवलं होतं. पाठव म्हटलं, तर म्हणाली, नेट चालत नाही, आलीस की घेऊन जा. कुठं आहे तिचा फोन?

दगडोबा : शेंगा खा.

अर्पिता : आबा.

दगडोबा : खारवलेल्या हायत.

तुळजाबाई : सांग की आता. का म्या सांगू?

दगडोबा : तेराव्याला दिला.

अर्पिता : दिला म्हणजे?

दगडोबा : गेलेल्या मानसाच्या वापरातल्या वस्तू घरात ठिवत न्हाईत. सवाष्णीला द्यायच्या. महाराजांनी इचारलं, काय काय वापरायच्या? म्या म्हनलं, लुगडं, चप्पल, ताट, चष्मा. म्हनले, आनखी काय? आता खरं बोलायचं तर ती समद्यात जास्त फोनच वापरायची.

अर्पिता : चष्मासुद्धा दिलात?

दगडोबा : चष्मा बी.

अर्पिता : कुणाला?

दगडोबा : कळंबच्या उमादेवीला. तुझ्या मावशीला.

अर्पिता : मग काय झालं त्यात! आत्ता मावशीला फोन लावते.

तुळजाबाई : ह्यानं लावला हुता. पाच येळा.

दगडोबा : सा.

अर्पिता : काय म्हणाली?

दगडोबा : म्हनली, सुतकातला फोन, तसाच कसा वापरायचा? शुद्ध करून घेतला.

अर्पिता : गोमूत्र शिंपडलं?

दगडोबा : ते वरनं. आतलं दुकानात जाऊन पुसून आनलं. समदं. म्हनली, दाजी, काळजी करू नगा, एकदम कोरा झालाय.

अर्पिता : आणि पुढचे पाच फोन कशाला केले?

दगडोबा : पुसलेलं माघारी येतंय का, इचारायला.

अर्पिता : हे कधी कळलं तुम्हाला?

दगडोबा : पंधराव्या दिवशी.

अर्पिता : वर्ष झालं, आबा. दर रविवारी बोलतो आपण. एका शब्दानं सांगितलं नाहीत.

दगडोबा : तू दर रविवारी जेवलो का इचारतीस. जेवलेलो असतो.

तुळजाबाई : रडू नगं, पोरी. म्या सांगते तुला गानं. आमी समद्या मागनं म्हनत हुतो की. "झुलं गं बाई झुलं..."

अर्पिता : आणि ओळी?

तुळजाबाई : ओळी शिवगंगेच्या. आमी नुस्तं झुलायचो.

दगडोबा : मला येत्यात.

तुळजाबाई : तुला? फेराकडं बाप्यानं फिरकायचं न्हाय.

दगडोबा : फिरकलो न्हाय. गोठ्यामागं बसायचो.

तुळजाबाई : कवापासनं?

दगडोबा : लगीन झाल्यापासनं.

तुळजाबाई : चार-चार तास काय करत हुतास तितं?

दगडोबा : कडबा तोडत हुतो.

तुळजाबाई : तरी म्या म्हनायची, पंचमीलाच कडबा येवढा बारीक कसा.

अर्पिता : आबा, म्हणाल का? मी रेकॉर्ड करते.

दगडोबा : गानार न्हाय. चाल तिची हाय. म्या नुस्तं शब्द सांगनार.

अर्पिता : चालेल.

तुळजाबाई : आरं, मग आत तरी बसा. रस्त्यावरनं लोकं चाललीत. बायांचं गानं म्हनतुय म्हनतील.

दगडोबा : म्हनू दे. ती कुठाय? तिचं लाव.

अर्पिता : हे घ्या. भोंग्याचा आवाज बंद केलाय.

दगडोबा : हिरवं लुगडं घातलंय.

अर्पिता : हो. सुरू करते. तिचं तोंड हललं की बोला.

दगडोबा : तेरणंच्या पल्याड माझ्या भावाचं शिवार...

तुळजाबाई : व्हय! ह्योच! ह्योच की गं!

अर्पिता : आत्या, गप्प बसा ना. रेकॉर्ड होतंय.

दगडोबा : हाक देते अल्याड, वारा नेईना पार...

अर्पिता : बरोबर बसतंय, आबा. ओठावर ओठ. पुढं?

दगडोबा : वाऱ्या, तुझं काय जातं...

तुळजाबाई : आन् म्होरं?

अर्पिता : आबा? विसरलात का?

दगडोबा : न्हाय.

अर्पिता : मग म्हणा की.

दगडोबा : थांब. तिला दम घिऊ दे.