एन्कुबा कळप हलत नाही

...दिसतील का म्हणून काय विचारताय न्याबो—पाहुण्या बाईंना आम्ही असंच म्हणतो—आज दिसणारच! बसा जरा त्या खोडावर—नाही नाही, त्यावर नको, मुंग्या आहेत, पँटीत शिरल्या तर इथंच नाचायला लागाल—ह्यावर. बाकीच्यांना जाऊ दे पुढं. बारिग्ये गाईड आहे, हरवू देणार नाही कुणाला, आणि तुमची पिशवी माझ्याच पाठीवर आहे, पळून कुठं जाणार मी? तर गोरिला. बाहेरून येणारे सगळे हेच विचारतात, शंभरात किती? मी म्हणते, नव्वदच्या वर. नशीब नव्हे हो ते! माझा नवरा, तिबेसिग्वा, तो माग काढतो. उजाडायच्या आत निघतो, काल कळपाला सोडलं तिथं जातो, पाल्याचे बिछाने शोधतो, लीद अजून गरम आहे का बघतो, मग वॉकी-टॉकीवर सांगतो—या. तरी कधी कधी कळप दरी ओलांडून जातो आणि सहा-सहा तास चिखल तुडवून माणसं हात हलवत परत येतात. रडतात काही जणी, खरंच.

आज मात्र शंभरात शंभर. एन्कुबा कळप जागचा हललेलाच नाही—चार दिवस झाले. त्याच उतारावर. हसू नका, त्यात खूश होण्यासारखं काही नाही. गोरिला रोज नवा बिछाना करतो, रोज थोडा तरी पुढं सरकतो. चार दिवस हलत नाही म्हणजे—म्हणजे आळसावलेत, दुसरं काय! ऑफिसात तिबेसिग्वानं तसंच सांगितलंय. पाला भरपूर, म्हणून आळसावलेत. घरी वेगळं सांगितलं. म्हातारा आहे ना, चंदेरी पाठीचा, कळपाचा म्होरक्या, त्याच्या नाकातून पाणी गळतंय. खोकतो—माणसासारखा, न्याबो, अगदी माझ्या सासऱ्यासारखा. आणि एन्सेको नावाची मादी आहे, तिचं पिल्लू गेलं सोमवारी. ती अजून छातीशी धरून बसलीय. गोरिलांच्या डॉक्टरला कळवायला हवं? हवंच की. पण डॉक्टर पहिलं विचारणार, हे आलं कुठून?

कुठून आलं! माणसाचा खोकला गोरिलाला लागतो, जीव घेतो त्यांचा. पाहुण्यांकडून आलं असेल, असं मीच चार जणींना सांगितलं. खोटं सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी तिबेसिग्वाला खोकला झाला. मी म्हटलं, घरी बस. तो म्हणाला, म्हातारा मला अकरा वर्षं ओळखतो, दुसरं कुणी दिसलं की चवताळतो—मागं माझी सासू वारली, हा चार दिवस कामावर गेला नाही, तर बदली माणसाचा हात मोडला त्या म्हाताऱ्यानं. ते खरंच होतं. मग मी काय केलं? आलं, मध, निलगिरीचा पाला उकळला आणि पाजला. त्यानं खोकला दोन-तीन तास दबतो. गेटवर विचारलं की आवाज कसा मोकळा! असा नऊ दिवस पाठवला मी त्याला, रोज बाटली भरून. मला वाटत होतं, मी किती काळजी घेते सगळ्यांची. झोप लागत नाही आता, न्याबो. ते पिल्लू माझ्या हातून गेलं.

हे काय? पाण्याचा ठसका लागला? नाही, पाण्याचा ठसका नाही हा. परत खोका. अहो, छातीतून येतोय! सकाळी गेटवर विचारलं ना, सर्दी-खोकला आहे का कुणाला? तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत, मी तुमच्या शेजारीच उभी होते. खोकला दाबायची गोळी घेतलीत? डोळे कशाला पुसता, मी कोण तुम्हाला बोलणारी! एवढ्या लांबून आलात, पुन्हा येणं होणार नाही, तोंडाला फडकं बांधू, दहा पावलं लांब राहू, काय होतंय—हेच ना? मला नाही कळणार तर कुणाला कळणार. उठा. वर नाही, खाली. ही काठी घ्या.

आला बघा बारिग्ये शोधत. बारिग्ये, सगळ्यांना थांबव. ह्यांना एकट्यांना नव्हे रे, सगळ्यांना! कळप आजारी आहे, डॉक्टरला बोलाव. तिबेसिग्वाला कशाला विचारतोस, तो आळसावलेत म्हणेल. ठेव तो वॉकी-टॉकी खाली आणि आधी मला विचार. काढा मी उकळत होते.

तुम्ही काय ऐकत उभ्या राहिलात, न्याबो? निघा.