खंडेनवमीला धुतलेली गाडी

"पुण्याच्या डॉक्टरची परदेशी गाडी घेतलीय, मावशी. जुनी हाय, पर आख्ख्या पाथरीत तशी न्हाई!" बन्सीधर सांगत होता.

"मग इथं स्टँडवर येष्टीची वाट का बघायलाव, भाऊ?" बाकावर शेजारी बसलेल्या तानुबाईनं विचारलं.

बन्सीधरनं आवाज खाली आणला. "खंडेनवमीला पूजेआधी धुतली."

"मंग?"

"ट्रॅक्टरसारखी धुतली. बोनेट उघडून, पाण्याच्या मोटारीचा पाइप लावून. आतला कम्प्युटर भिजला. तवापासून नुसती हॉर्न वाजवायलीय."

"अगं बाई! आन् आता कुठं निघालाव?"

"सेलूला. लेकीला दिवाळीला आणायला. तिनं सासरी सगळ्यांला सांगून ठिवलंय, बाबा मोठ्या गाडीत न्यायला येणार म्हणून."

"खरं सांगून टाका की तिला."

"तोंडच होईना, मावशी."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऐकून त्यानं फोन खिशात ठेवला.

"कोण होतं?"

"लेक. गाडी आत यावी म्हणून व्याह्यांनी सकाळीच अंगणाची भिंत पाडली."