व्हिटॅमिन सीचे चार थेंब

…आणि "लिंबू लाव, लिंबू लाव" म्हणणारे ते सगळे आता गेले कुठं हो? आमच्या चामराजपेटेत सल्ला दिला नाही असं माणूस राहिलं नव्हतं! बाळंतपणात माझ्या दोन्ही गालांवर वांग उठले, हे असे, चहा सांडल्यासारखे, आणि आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं मेघा, चित्रान्नाच्या भाताला पिळलेलं लिंबू असतंच की, त्याची साल चोळ, फुकट वाया कशाला?" चोळली! चोळून गच्चीवर पापड राखत बसले, वर हे ऊन… तुम्हाला सांगते, संध्याकाळी गाल असले लाल, असले लाल, की आमचे हे घाबरून विचारतात, "कुणी मारलं का गं?"

देव भलं करो त्या डॉक्टरीणबाईंचं! विद्या डॉक्टर, कातडीच्या. गेले नसते हो मी, पण शिल्पाश्री, आमची मुलगी, आठ महिन्यांची झाली, घरात तिचे बारा फोटो, आजीबरोबर, आत्याबरोबर, दूधवाल्याबरोबरसुद्धा, आणि माझ्याबरोबर? एक नाही! कॅमेरा दिसला की मी स्वयंपाकघरात. पोर मोठी झाल्यावर तिला दाखवू काय? म्हटलं, पहिल्या वाढदिवसाला स्टुडिओत एक तरी फोटो दोघींचा व्हायलाच हवा.

डॉक्टरीणबाईंनी गाल बघितले आणि कपाळाला हात लावला. "लिंबू चित्रान्नात घाल अम्मा, तोंडावर नको! हे व्हिटॅमिन सी, मापून केलेलं. सकाळी तोंड धुऊन चार थेंब, वाळलं की वर उन्हाचं मलम, बाहेर जाताना छत्री. डाग फिके होतील, कातडी तुकतुकीत होईल. पण स्वल्प सावकाश हं, तीन-चार महिने!" मी सातवी शिकलेली, मला भीती किती! पोर अंगावर पिते, गाल चाटते, तिच्या पोटात गेलं तर? झोपेत गेलं तर? तिला चव आवडली तर? पाचव्यांदा विचारल्यावर त्यांनी हात जोडले. "वाळल्यावर घे तिला अम्मा, काही होत नाही. सरी? कळलं?" सरी!

आता बाटली घरी आली. आमच्याकडे नवी वस्तू आधी देवापुढं! कुकर ठेवला, रेडिओ ठेवला, मग बाटली सुटते होय? हळदकुंकू वाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "अमावास्या जाऊ दे, मग वापर." आणि वर झाकण काढून ठेवलं! का? तर, "नैवेद्य कुणी झाकून दाखवतं का?" बरोबरच आहे ना? समईच्या शेजारी आठ दिवस… नवव्या दिवशी बघते तर पाण्यासारखं औषध काढ्यासारखं तपकिरी! मी तश्शीच रडत दवाखान्यात. माझं नशीबच करपलं, दुसरं काय! डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या… "देवानं सगळं व्हिटॅमिन घेतलं, अम्मा! उजेड, हवा, ऊन, काही म्हणजे काही सोसत नाही याला. असं झालं की टाकून द्यायचं." आणि स्वतःच्या कपाटातली दुसरी बाटली माझ्या हातात ठेवली. देव भलं करो त्यांचं! ती मात्र मी साड्यांच्या मागं अंधारात दडवली, झाकण घट्ट. देवाला म्हटलं, लांबूनच आशीर्वाद दे.

मग सुरू! पहिला आठवडा चुरचुर. दुसरा महिना, काही नाही. दिवसातून दहादा आरसा, भातात डाव तसाच, दूध उतू… आणि तिसऱ्या महिन्यात एकदा ताट घासताना त्यात तोंड दिसलं. थांबले. खिडकीशी नेऊन बघितलं. खोटं कशाला बोलू, डाग गेले नव्हते, पण कडा विरल्या होत्या हो! चौथ्या महिन्यात तर डाग शोधावे लागायला लागले. सगळे गेले नाहीत, पण चहा होता त्याचं दूध झालं. गालाला हात लावला की मऊ, पोरीच्या गालासारखा. पदर न ओढता गांधीबाजारात जाऊन आले. कुणाला सांगू नका, वाटेत दोनदा आरसेवाल्या दुकानापुढं उभी राहिले. देव भलं करो त्या डॉक्टरीणबाईंचं, किती वेळा म्हणू!

वाढदिवस आला. यल्लाप्पाच्या स्टुडिओत बसले, पोर मांडीवर, मान ताठ, पळाले नाही! आठ दिवसांनी पाकीट उघडलं… अहो, माझं तोंड म्हणजे चुन्याची भिंत! ना डाग, ना गाल, ना माझा तीळ! यल्लाप्पा खूश, "टच-अप माडिद्दीनि, अक्का! ब्रशनं! सगळ्यांनाच करतो, फुकट!" चार महिन्यांचं माझं काम यानं दोन फटकाऱ्यांत पुसलं!

घरी आले. सासूबाईंनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. "पोर गोड आलीय गं… पण तिला मांडीवर घेऊन बसलीय ती कोण?"

काय सांगायचं हो? म्हटलं, असेल कुणीतरी… चांगल्या घरची दिसते!