सरूबाईला धाडलेला निरोप

मंडळी, बसलात का नीट? पेटीवाले, जरा सूर धरून ठेवा. आधी मला एक विचारायचंय.

आपल्या माणसाला साथीचा रोग झाला, तर प्रीती काय सांगते? जवळ जा म्हणते, की लांब राहा म्हणते? जवळ गेलं तर रोग घरात येतो. लांब राहिलं तर माणूस तुटतो! मग करायचं काय?

मागं कोण खोकलं? अहो, घाबरू नका, बसा! शेजारच्यांनो, तुम्हीही सरकू नका एवढ्यात. मी फक्त विचारलं!

तर ऐका. बेलपांढरी नावाचं गाव. आपल्या आज्या-पणज्यांचा काळ. गावाबाहेर आपल्या लोकांचं छोटं चर्च – मातीच्या भिंती, वर कौलं. त्या मंडळीत एक पंच होता, गिदोन साळवे. प्रभूच्या आठवणीत सगळे मिळून ज्यातून रस पितात, तो प्रभुभोजनाचा पेला त्याच्याकडे असायचा. आदल्या दिवशी मनुका भिजत घालायच्या, कुस्करून रस गाळायचा, पेला राखेनं घासायचा – हे त्याचं काम. आणि त्याची बायको मार्था प्रत्येक वेळी म्हणायची, “अहो, किती घासता! पितळ झिजून जाईल.”

पेला एकच होता. सगळ्यांनी त्यालाच ओठ लावायचे. का? तर ही माणसं प्रभूकडे आली तेव्हा काही महारवाड्यातून आली, काही मांगवाड्यातून. गावानं दोघांनाही बाहेर ठेवलेलं – आणि हे दोघं एकमेकांच्या हातचं पाणी पीत नव्हते! आता काय म्हणावं? मार खाणारे दोघं, पण त्यातही थोरला कोण, धाकटा कोण! तर मोठ्या कष्टानं, रुसवेफुगवे काढून ती माणसं एका पेल्याला आली. म्हणून तो पेला त्यांना जिवापलीकडे होता.

आणि मग आली मानमोडी.

तापाची साथ हो! सकाळी शेतात गेलेला माणूस संध्याकाळी अंथरुणात. घराघरांत ताप. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन सांगून गेले – कोंडून बसू नका, एकमेकांचं उष्टं घेऊ नका, आजाऱ्याला वेगळं ठेवा. ताप उतरून बरेच दिवस झाले, की मग त्या माणसाचं भय नाही.

गिदोनाच्या घरी मार्था पडली. कोणी फिरकेना. मग दारात एक बाई उभी राहिली. सरूबाई. मांगवाड्यातून आलेली, एकटी विधवा, दोरखंड वळून पोट भरायची. मार्थाला आक्का म्हणायची, म्हणून गिदोन तिचा दाजी.

“दाजी, सरका. तुम्ही चूल बघा, मी आक्काला बघते.”

“सरू, तुला ताप लागंल.”

“लागू द्या. तुमच्या हातची पेज पिऊन आक्का बरी व्हायची न्हाई, एवढं मला कळतं!”

मार्था हसली म्हणतात. तेवढंच शेवटचं. दुसऱ्या दिवशी सरूबाईच्या मांडीवर ती गेली.

मंडळी, घरातली बाई गेल्यावर काय होतं? लोक म्हणतात, रडू येतं. रडू नंतर येतं. आधी मीठ सापडत नाही. भाकरीचं पीठ समोर असतं, आणि मीठ कुठल्या डब्यात ते ठाऊक नसतं. आणि विचारायला तोंड वळवावं, तर... असो. चला पुढं.

मार्थाला पुरलं, आणि सरूबाईला ताप भरला. तिच्या झोपडीत कोण जाणार? गिदोन उंबऱ्याशी पाण्याची घागर आणि पेज ठेवून यायचा. पण बाई चिवट! उठली. ताप उतरला. बरेच दिवस गेले, अंगात थोडी ताकद आली.

इकडे प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला. चर्चचे पाळक अमोलिकसाहेब, त्यांनी पंचांना बोलावलं. “डॉक्टर म्हणतात, एका पेल्याला ओठ लावू नका. काय करायचं?”

थोरले पंच बर्नबा ताडकन उठले. “पाळकसाहेब, पेला मोडला तर आपण पुन्हा दोन वाडे झालो! पेला एकच राहणार!”

“बरोबर! बरोबर!” सगळे म्हणाले.

“फक्त,” बर्नबा म्हणाले, “सरूबाईनं यायचं न्हाई. ताप तिच्या घरी होता.”

बघा हं! आपण सगळे एक आहोत हे दाखवायला पेला ठेवायचा – आणि त्या पेल्यासाठी एकीला बाहेर ठेवायचं! हसू नका. आपणही हेच करतो, फक्त आपल्याकडे पेला नसतो.

ताप तर बर्नबांच्या घरीही होता. पाळकांच्या घरी होता. ते कोणी बोललं नाही. गिदोनही बोलला नाही. निरोप द्यायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं.

सरूबाई झोपडीपुढं उन्हात बसली होती. मांडीवर लुगडं, हातात सुई. “या दाजी! रविवारसाठी शिवतेय. फाटकं नेसून प्रभूपुढं कशाला जायचं?”

गिदोन अंगणाच्या कडेला उभा राहिला. खाकरला.

“सरूबाई... पंच म्हणतात... या रविवारी तू येऊ नको.”

सुई थांबली.

“दाजी, एक सांगा. ताप आला म्हणून नको, का सरू आहे म्हणून नको?”

तिनं सुई लुगड्यात खोचून ठेवली.

“तापासाठी असंल तर मी वर्षभर घरी बसंन. माझ्यापायी कुणाचं लेकरू मरू नये. पण दुसऱ्या कशासाठी असंल ना दाजी, तर मी आता कधीच यायची न्हाई. मेल्यावर मातीलाही तुम्ही येऊ नका.”

काय करील गिदोन? घरी गेला. पेला काढून पुढं ठेवला. आज पेला घासायचं मन होईना. आपली मार्था जिच्या मांडीवर गेली, ती बाई मंडळीतून कायमची निघाली होती – आणि निरोप आपल्याच तोंडून गेला होता!

उठला तो थेट पाळकांकडे.

“साहेब, पेला कपाटात ठेवा. उपासना बाहेर, माळावर घेऊ. घराघरानं लांब लांब बसू. रस वरून ओतायचा, ज्यानं त्यानं आपल्या ओंजळीत घ्यायचा.”

पाळक दचकले. “गिदोनजी, वरून ओतायचं? विहिरीवर आपल्या बापाला असंच वरून पाणी घालत होते! लोक उठून जातील.”

“जातील खरे. म्हणून ओतायचं कुणी, ते मला ठरवू द्या.”

 पाळक म्हणाले, “ठरवा.”

रविवारी माळावर घोंगड्या अंथरल्या. सरूबाई आली नव्हती. गिदोन स्वतः गेला. “चल. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय.” ती आली, पण पार टोकाला बसली.

पाळकांनी प्रार्थना केली, रसाची झारी आशीर्वादित केली. गिदोन उठला. “ज्यांना ताप येऊन गेला आणि जे बरे झाले, त्यांच्यापासून भय नाही, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून आज रस ओतील सरूबाई.”

कुजबुज झाली! बर्नबा अर्धे उठले. “आरं गिदोन, काय चाललंय हे?”

“दाजी, मी?” सरूबाई जागेवरूनच म्हणाली.

“हात धू. ये.”

तिनं हात धुतले, झारी घेतली. आणि तो मंडळीचा पंच तिच्यापुढं मातीत बसला. डोकं खाली, ओंजळ वर.

“उंच धर सरूबाई. लांबून ओत.”

धार पडली. ओंजळीच्या फटीतून रस मातीत गळू लागला.

“दाजी, हात नीट धरा की,” ती हळूच म्हणाली. “सांडतंय सगळं.”

तो प्याला. मग पाळक येऊन बसले. मग एकेक घर. शेवटी बर्नबा राहिले. उभेच होते. सगळा माळ त्यांच्याकडे बघतोय. सरूबाई म्हणाली, “बर्नबाजी, बसा. माझा हात दुखायला लागलाय.”

बसले! बसले हो, म्हातारं माणूस, गुडघे धरून बसले.

त्यानंतर साथ थांबली का? नाही. आणखी माणसं गेली. बर्नबाही गेले त्याच महिन्यात. आणि त्यांना माती द्यायला सरूबाई आली होती.

तर मंडळी, लांब राहायची वेळ तुमच्यावरही येईल. डॉक्टर सांगतील तेव्हा लांब राहा, त्यात पाप नाही. पण आजारी माणसाला निरोप धाडण्याआधी सरूबाईचा प्रश्न स्वतःला विचारा. ताप आहे म्हणून नको – का ती आहे म्हणून नको? उत्तर मला सांगू नका. आज घरी जाताना ज्या दारावरून तुम्ही मान फिरवून जाता ना, त्या दाराशी थांबा, आणि तिथं सांगा.

प्रभू तुम्हाला तेवढं बळ देवो. आमेन.